बाबांचा चेहरा आणि आईचा जिना

आमच्या घराला जिना नाही, म्हणजे नव्हता. स्लॅब होता, स्लॅबवर पाण्याची टाकी होती, तीन बाजूंनी कठडासुद्धा होता. पण वर जायचं तर शिडीनं. घर बांधताना जिन्यापर्यंत येता येता बँकेचं कर्ज संपलं आणि बाबा म्हणाले, "जिना काय, पुढच्या वर्षी." ते पुढचं वर्ष मी पहिलीत असल्यापासून पुढेच होतं. जिन्यासाठी सोडलेल्या जागेवर बाबांनी पत्रे टाकले आणि त्याखाली जळक्या मोटारी रचल्या. बाबांचं डोणगावला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचा पंप जळला की आसपासच्या गावांतले लोक तो बाबांकडे आणतात. जी मोटार दुरुस्त होत नाही आणि जिला मालक परत न्यायला येत नाही, ती आमच्या घरी येते आणि लांबच्या पाहुण्यासारखी राहते. तिला जा म्हणायची कुणाची हिंमत नाही.

आईची होती. मिरच्या, कुरडया, तुरीची डाळ, काय काय डोक्यावर घेऊन ती त्या डुगडुगत्या शिडीवर चढायची आणि वर पोचली की कठड्यावरून खाली बोलायची.

"ते भंगार काढा अन् तथी जिना बांधा."

"काऊन? शिडी हाय ना."

"मी पडन एखांद्या दिवशी."

"आजपावतो पडली का?"

"म्हंजे पडाची वाट पाहून राह्यले काय?"

इथवर सामना बरोबरीचा असायचा. मग बाबा राखून ठेवलेलं वाक्य काढायचे. "घर कोणाच्या नावावर हाय?" यावर आई मिरच्या जरा जास्तच जोरात पसरायची आणि खाली आम्ही शिंकायचो.

आता बाबांच्या चेहऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते सगळं त्या चेहऱ्यामुळे. माझे बाबा, निवृत्तीभाऊ, अतिशय सुखी माणूस आहेत. पण त्यांचा चेहरा मुळातच उतरलेला आहे. भुवया खाली, गाल खाली, मिशासुद्धा खालीच. दुकानात गिऱ्हाईक मोटार ठेवतं, बाबा ती उघडून वर बघतात आणि गिऱ्हाईक मटकन खाली बसून विचारतं, "गेली का?" बाबा म्हणतात, "नाई गा, फ्यूज उडाला." एवढ्या वर्षांत गावानं या चेहऱ्याकडे काही लक्ष दिलं नव्हतं. जसं आपण वेशीवरच्या बाभळीकडे देत नाही.

लक्ष वेधलं ते मी.

नववीपर्यंत मी हजेरीला "उपस्थित" असंही पुटपुटायचे. मग दहावीत मराठीच्या मॅडमनी मला वक्तृत्व स्पर्धेत ढकललं, मला कपबशी मिळाली, आणि तेव्हापासून मी बोलायची थांबलेली नाही. आमच्या घरात ही मॅडमची चूक समजली जाते. शाळेच्या स्नेहसंमेलनात पुन्हा माझं भाषण ठेवलं. विषय होता 'घर कोणाचं?' समोर सगळं गाव, मंचावर ग्रामसेवक प्रमुख पाहुणे. मी आईनं स्लॅबला कसं पाणी मारलं ते सांगितलं. भर उन्हात, घागरी वर चढवून, त्याच शिडीनं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण टाळ्यांचा आवाज वाईट असतो, तो माणसाला पुढे ढकलतो. मी म्हणाले, "आणि त्या घरावर माझ्या आईचं नाव नाही. पण माझे वडील इथे बसले आहेत. ते उद्याच ग्रामपंचायतीत अर्ज देणार आहेत."

हे मी बाबांना विचारलेलं नव्हतं. ते मलाही तेव्हाच कळलं होतं.

सगळ्या गावानं माना वळवून मागे पाहिलं. मागे खुर्चीवर बाबा नेहमीच्याच चेहऱ्यानं बसले होते. ग्रामसेवक उठून म्हणाले की हे आदर्श पाऊल आहे, या उद्या. पुन्हा टाळ्या.

घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, "उद्याच म्हणायची काय घाई होती? पुढच्या वर्षी म्हणली असती."

आई म्हणाली, "मले कायले पाह्यजे नाव? घर का पळून चाललं?" पण सकाळी पोळ्या लाटताना तिनं मला हळूच विचारलं, "अर्जात माहं नाव आखं लिवतेत का नुसतं बाई म्हणून?"

मग मी अर्ज अगदी वळणदार अक्षरात लिहिला. पुष्पाबाई हे नाव इतकं ठळक काढलं की अर्ज आईचाच वाटत होता आणि बाबा साक्षीदार.

मंचावरचे ग्रामसेवक आणि ऑफिसातले ग्रामसेवक ही दोन वेगळी माणसं असतात, हे मला तिथे समजलं. ऑफिसातले म्हणाले, "काम चांगलं आहे निवृत्तीभाऊ, पण घराच्या उताऱ्यावर बँकेचा बोजा चढलाय. घर तारण आहे. बँकेचं ना-हरकत पत्र आणा." बाबा मोटारसायकलवर मेहकरला गेले. मी बरोबर, कारण बोलणार कोण? बँकेचे मॅनेजर पुण्याकडचे, तरुण, फार सभ्य. ते म्हणाले, "काका, आमची हरकत असायचं कारण नाही. पण आधी गावात कुणाची हरकत नाही ना, ते ग्रामपंचायतीकडून आणा." परत गावात. ग्रामसेवक म्हणाले, आधी बँक. परत बँक. बँक म्हणाली, आधी गाव. शेतात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मावा पडलेला, दुकानात जळक्या मोटारींची रांग, आणि बाबा आपले दोन हरकतींच्या मधल्या रस्त्यावर. शेवटी ग्रामसेवकांना त्यांची दया आली, कदाचित माझ्या बोलण्याचा कंटाळा आला असेल. ते म्हणाले, "ठीक आहे, गावापुरत्या हरकती आम्ही मागवतो." नोटीस लागली आणि दवंडी पिटली.

हलगी वाजवत दवंडीवाला गल्लीगल्लीत ओरडला, "निवृत्तीभाऊच्या घरावर पुष्पाबाईचं नाव लावून राह्यले हो. कोणाची हरकत असन तं ग्रामपंचायतीत कळवा."

इथे बाहेरच्या लोकांसाठी थोडं समजावून सांगते. आमच्या गावात बाईचं नाव घरावर चढतं ते नवरा गेल्यावर. तेरावं होतं, पाहुणे पांगतात, मग वारसांची नोंद होते आणि अशी दवंडी फिरते. धडधाकट माणसानं दोन वेळा जेवत असताना आपण होऊन बायकोचं नाव लावल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. म्हणून गाव विचार करू लागलं.

त्यात दिवस वाईट होते. बीटीचं बियाणं आलं तेव्हा वाटलं होतं, आता फवाऱ्याचा पंप माळ्यावर टाकायचा. एक-दोन वर्षं बोंडं चांगली लागली. मग लाल्या रोग आला, मावा-तुडतुडे आले, पाऊस दगा देऊ लागला, आणि आजूबाजूच्या गावांतून शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या येऊ लागल्या. त्या बातम्यांवर मी एकही विनोद करणार नाही. तशा एका घरची मुलगी माझ्या बाकावर बसते. पण त्या बातम्यांनी आमच्या गावाला एक चांगली सवय लावली होती. कुणाचा चेहरा उतरलेला दिसला की त्याला एकटं सोडायचं नाही.

आणि उतरलेल्या चेहऱ्यात आमच्या बाबांचा हात धरणारा अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात कुणी नव्हता. थोडी पऱ्हाटी आहे. घर तारण आहे. आणि अचानक घर बायकोच्या नावावर. गावानं एकाला एक जोडलं. बाबांचे हप्ते वेळेवर जातात, दुकान चालतं, ही माहिती कुणी विचारात घेतली नाही, कारण ती चेहऱ्यावर दिसत नव्हती.

सगळ्यात आधी शेजारच्या वच्छलाबाई आल्या. हातात भरल्या वांग्याचा डबा. डबा ठेवला, आईचे दोन्ही हात धरले आणि रडू लागल्या. आईला वाटलं त्यांच्याच घरी काहीतरी झालं. तिनं त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, "होते हो बाई, सगळं नीट होते," म्हणाली. त्या आणखीच रडल्या. "किती धीराची हायेस वं पुष्पा," म्हणाल्या आणि डोळे पुसत गेल्या. आई म्हणाली, "वांगे चांगले झाले, पण या बाईले काय दुखून राह्यलं?"

वच्छलाबाईंचे यजमान उत्तमकाका एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले तरी कुठेही गेले की दारात उभे राहतात आणि सगळे आत आले का ते बघतात. दुसऱ्या दिवसापासून ते बाबांच्या मागे लागले. बाबा शेतात निघाले की हे बरोबर. बाबा विहिरीजवळ गेले की हे मध्ये. बाबा दुकानात बसले की हे दारात. बोलायचं काही नाही, नुसतं "सब ठीक हाय ना?" दर थोड्या वेळानं. बाबा एकदा परसाकडे गेले तर बाहेरून आवाज आला, "निवृत्ती, हायेस ना?"

"कोठी जाणार आतून?" बाबा म्हणाले.

मग सगळं गावच गोड झालं. चहाच्या टपरीवर बाबांचे पैसे घेईनात. ज्यांनी मोटारीची मजुरी दोन हंगाम थकवली होती ते घरी आणून देऊ लागले. वाटेत कुणी भेटलं की हात हातात घेऊन सोडायचंच नाही. पोरंसोरं शेतात येऊन तण काढू लागली. गावाचा कागद नेऊन दिला तरी बँक तेवढी 'उद्या या' म्हणून बाबांना चकरा मारायला लावत होती. बाबा संध्याकाळी ओट्यावर बसून गंभीरपणे म्हणाले, "पुष्पा, मले वाट्टे हे लोक मले सरपंचाले उभं करून राह्यले."

"तुमाले?" आई म्हणाली. या एका शब्दात ती जे बसवू शकते ते मला अख्ख्या भाषणात जमत नाही.

"काऊन? माणसं मांगं फिरून राह्यली. काम करून राह्यली. प्रचार असाच सुरू होते."

दुसऱ्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आणि हसायला लागले. बाबांनी हसायची सवय कधी केलेली नाही, त्यामुळे ते हसले की दात काढायला बसलेला माणूस डॉक्टरला नमस्कार करतोय असं वाटतं. पारावरच्या मंडळींना त्यांनी तसं हसून हात जोडले. मी मागून येत होते, मला ऐकू आलं.

"पाह्यलं का बे? नवा शर्ट. हात जोडले."

"अन् हसला."

"निवृत्ती हसला म्हंजे काही खरं नाई बाप्पा. आज दोघंजण जा सोबत."

खरं तर मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी माझ्या भाषणाचा परिणाम गावावर किती खोल झाला याच विचारात होते. मला वाटत होतं की गाव स्त्री-पुरुष समानतेमुळे भारावून गेलं आहे.

मग औषधाचा प्रकार झाला. मेहबूबचाचांचं कृषी केंद्र बाबांच्या दुकानाला लागून आहे. शाळा सुटल्यावर मी बाबांबरोबर तिथे गेले.

"मेहबूबभाई, माव्याचं औषध द्या बरं."

"खतम हो गया."

"मांगं तं डबे दिसून राह्यले."

मेहबूबचाचांनी मागे वळून पाहिलं, जणू ते डबे आजच पाहत होते. "वो खाली हैं."

"सील लागेल हाय त्याले."

"खाली डब्ब्यालाच सील लावते कंपनी. शो के वास्ते." मग त्यांनी खालून निंबोळी अर्काची बाटली काढली. "ये ले जा भाई. इससे मच्छर भी नहीं मरता."

"मंग माहा मावा कसा मरन?"

"मावे का मालूम नहीं. मगर मेरे दिल को ठंडक रहेगी." त्यांनी पैसे घेतले नाहीत आणि जाताना बाबांना मिठीच मारली. बाबा बाटली हातात धरून रस्त्यात उभे. म्हणाले, "छकुली, मेहबूबभाईचं मत तं पक्कं धर."

बाबांनी पूर्ण पऱ्हाटीवर तो अर्क फवारला. माव्यानं तो अत्तरासारखा लावून घेतला.

आणि एका दुपारी सुलतानपूरहून अर्जुनमामा आला, वच्छलाबाईंच्या फोनवरून. हातात कपड्यांची पिशवी, म्हणजे मुक्कामाची तयारी. आल्या आल्या त्यानं बाबांच्या पाया पडून घेतलं. तो एरवी बाबांना रामरामसुद्धा कंजूषपणे घालतो.

"भाऊजी, चला, आपण चार दिवस हिवरा आश्रमाले जाऊन येऊ. तथी मन शांत होते."

"माहं मन अशांत कधी झालं?"

"सगळे असंच म्हणते भाऊजी." मामानं घसा साफ केला. "ताईकडे पाहा. छकुलीचं शिक्षण बाकी हाय. तिचं लगन बाकी हाय."

"मंग?"

"मंग असा इचार कायले करता?"

"कसा इचार?"

मामानं माझ्याकडे पाहिलं, वर पत्र्याकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या उत्तमकाकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली, जणू डबल बेल दिली. मग मामानं सांगून टाकलं. गाव काय समजतं, का समजतं, आणि पोरं शेतात तण का काढतात.

बाबा पत्र्याखालच्या एका जळक्या मोटारीवर बसले. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे सरपंच नाई?"

"नाई भाऊजी."

बाबांना राग आला, पण चेहरा काही बदलला नाही, त्यामुळे तो आम्हाला त्यांच्या बोलण्यावरूनच समजला. "मी? मी असा वाटतो तुमाले? माहा हप्ता कधी चुकला? पुढच्या साली नवी वाइंडिंग मशीन घेऊन राह्यलो मी. अन् तुमी मले बाटलीभर कडूलिंब पाजून राह्यले." ते उठले. "उद्या तो अर्ज मांगं घेतो. नाव नको, दवंडी नको, काही नको. होतं तसं राहू द्या."

उत्तमकाकांनी सुटकेचा श्वास सोडला. मामा म्हणाला, "हे बेस."

मी बोलायला उघडलेलं तोंड पुन्हा मिटलं. दोष माझ्याच टाळ्यांचा होता.

आई चुलीपासून उठली. हाताला पीठ तसंच. "अर्ज मांगं घेऊ नोका," ती म्हणाली.

"तुलेच नको होतं ना नाव?"

"नको होतं. कोणं इचारलं नव्हतं तवा नको होतं." ती बाबांच्या समोर येऊन उभी राहिली. "आता दवंडी झाली. आता मांगं घेतलं तं मले नाव कवा लागन? गावात बायकायले लागते तवाच. मले तवा नको. मले आता पाह्यजे, तुमी समोर बसून बघून राह्यले तवा. मले नावबी पाह्यजे अन् तुमीबी पाह्यजे."

उत्तमकाका दारातून एक पायरी खाली उतरले.

"अन् तुमी नसले," आई म्हणाली, "तं या भंगारासाठी मी भांडू कोणासंग?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो. बाबा, आई, मी, मामा, आणि न बोलावता उत्तमकाका. आईच्या हातात कापडात बांधलेलं काहीतरी होतं. विचारलं तर म्हणाली, "लागलं तं."

मॅनेजरसाहेबांनी आम्हाला बसवलं, पाणी मागवलं, आणि टेबलावरचा पेन बाबांपासून लांब सरकवला. "काका, ना-हरकत पत्र तयार आहे," ते म्हणाले, "पण मी ते थांबवून ठेवलंय. तुमच्या गावातल्या एका जबाबदार नागरिकानं मला विनंती केली. ते म्हणाले, साहेब, कागद अडकलाय तोवर माणूस सुरक्षित आहे."

आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. जबाबदार नागरिक दारात उभे होते आणि छताचा पंखा तपासत होते.

"उत्तमराव," बाबा म्हणाले, "दवंडीनंतर मी एवढ्या चकरा मारल्या त्या तुमच्यापायी?"

"अन् प्रत्येक चकरीले परत आला ना तू," काका म्हणाले. "मंग? फायदाच झाला का नाई?"

मॅनेजरसाहेब म्हणाले, "तुमची मनःस्थिती ठीक असल्याचं डॉक्टरांचं पत्र आणा, मी लगेच सही करतो." आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी बाबांना तपासलं, जीभ बघितली, गुडघ्यावर हातोडी मारली. गुडघा एकदम आनंदी होता. ते म्हणाले, "बीपी लिहून देतो. माणूस सुखी आहे असा दाखला द्यायची पद्धत नाही. आणि खरं सांगू का, बघून माझाही हात धजावत नाही." शेवटी त्यांनी लिहिलं, 'प्रकृती उत्तम. चेहरा मुळातच असा असल्याचे नातेवाईक सांगतात.'

मॅनेजरसाहेबांनी पत्र वाचलं. "नातेवाईक सांगतात, हा काही पुरावा होत नाही हो." मग ते पुढे झुकले आणि मऊ आवाजात म्हणाले, "काका, खरं सांगा. तुम्ही आनंदात आहात ना?"

बाबांनी त्यांना खात्री पटावी म्हणून हसून दाखवलं.

साहेबांनी शिपायाला आणखी पाणी आणायला सांगितलं.

तेव्हा आईनं कापडाची गाठ सोडली. आत तिच्या लग्नाचा अल्बम होता. तो तिनं टेबलावर उघडला आणि साहेबांकडे फिरवला. "हे आमचं लगन."

अंतरपाट नुकताच खाली आलेला. अक्षता हवेत आहेत, करवल्या हसताहेत, भटजीसुद्धा हसताहेत, आईचे डोळे चमकताहेत. आणि बाबा बाशिंग बांधून असे उभे आहेत, जणू कानात कुणीतरी मोटार जळाल्याचं सांगितलंय.

"हे छकुली झाली तवाचं." पाळण्याशेजारी बाबा. कुणीतरी वाईट बातमी गुंडाळून हातात दिल्यासारखी त्यांनी मला धरली आहे. तो फोटो मी आजवर पाहिला नव्हता आणि यापुढे कुणाला दाखवणार नाही.

"हे दुकानाचं उद्घाटन. हे आमाले गणपतीत कूलर लागलं तवाचं."

"इथेही?" साहेब म्हणाले.

"इथीबी. पहिलं बक्षीस होतं."

साहेब एकेक पान उलटत गेले. त्यांचे खांदे हलू लागले. त्यांनी रुमाल तोंडावर धरला, पण व्हायचं ते झालंच. बाजूच्या टेबलावरचे दोघं उठून बघायला आले. मामा हसला. उत्तमकाका दार सोडून आत आले, हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहिलं. ते कूलरच्या फोटोकडे बघत म्हणाले, "अन् मी तुले विहिरीपाशी जाऊ दिलं नाई रे."

"पण मग वहिनी," साहेबांनी डोळे पुसत विचारलं, "हे खूश असले तर तुम्हाला कळतं कसं?"

"उजवा कान हालते त्यायचा," आई म्हणाली. "जराकसाच."

माझं आयुष्य ज्या माणसाबरोबर गेलं त्याच्या कानाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी बाबांच्या उजव्या कानाकडे पाहिलं. बाबा लाजून लाल झाले, पण कान स्थिर होता. अब्रू गेलेली होती ना, कान कशाला हलेल.

साहेबांनी सही केली. मग म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. घराच्या मालकीत नाव लावायचं तर कर्जातही लावावं लागेल. सहकर्जदार म्हणून वहिनींची सही लागेल."

मामा उसळला. "म्हंजे घरावर लागाच्या आधी कर्जावर?"

"द्या," आई म्हणाली. "कोठी करू?"

ती सही करताना जीभ दातात धरते. पुष्पाबाई, पुढे बाबांचं नाव, पुढे आडनाव. एवढी सावकाश केली की मागच्या माणसानं खाकरून बघितलं. शेवटचं अक्षर झालं तशी ती वर बघून हसली, आणि मी पाहिलं, बाबांचा उजवा कान हलला. जराकसाच.

"आता अर्धं कर्ज तुहं," बाबा म्हणाले.

"अन् अर्धं भंगारबी माहं," आई म्हणाली.

बाबांना तेव्हा त्या वाक्याचा अर्थ नीटसा लागला नाही. लागला तो उताऱ्यावर नाव चढल्यावर. आई सकाळीच पत्र्याखाली गेली, कमरेवर हात ठेवून ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाली की तिचा अर्धा हिस्सा ती आज मोडीत देणार आहे.

"कोणता अर्धा?" बाबा.

"जिन्याच्या जागेवर ठेवेल हाय तो."

"सगळंच जिन्याच्या जागेवर हाय ना."

"मंग तुमचा अर्धा तुमी दुकानात न्या. माहं काही म्हणणं नाई."

बाबांनी छाती भरून श्वास घेतला, आणि सवयीनं सुरुवात केली. "पुष्पा, घर कोणाच्या..." तिथेच ते थांबले. वाक्य अर्धवट हवेत राहिलं. ते पूर्ण करणारा माणूस गावात उरला नव्हता.

मोडवाला आला. एकेक मोटार टेम्पोत चढू लागली. बाबा प्रत्येकीची ओळख सांगत होते, ही हिंमतरावच्या विहिरीची, ही पुराच्या सालातली, आणि मोडवाला प्रत्येकीला सारखंच फेकत होता. टेम्पो गेला. जिन्याच्या जागेवर नुसता तेलाचा डाग राहिला आणि बाबा त्या डागाकडे बघत उभे राहिले. माझ्या आयुष्यात मी त्यांना पहिल्यांदाच खरोखर दुःखी पाहत होते.

कुंपणापलीकडे वच्छलाबाई धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी हात थांबवून बाबांना नीट निरखलं. मग मागे वळून घरात आवाज दिला.

"अहो, या बरं, पाहा. निवृत्तीभाऊ आता कसे पहिल्यासारके दिसून राह्यले. मिटली बाप्पा काळजी."

उत्तमकाका दारात आले, बाबांकडे पाहून समाधानानं मान हलवली, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच एकटे फिरायला निघून गेले.